न झालेलं माथुराइट

जयपूरला दगडांचं काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या बोटांकडे बघतो. बोटांत एकही अंगठी नाही असं दिसलं की त्याचा चेहरा उतरतो. मग मी सांगते, रत्नांचं नाही हो, साध्या दगडांचं. त्यावर तो “अच्छा, मार्बल!” म्हणतो आणि फरशीचा भाव विचारतो. इतकी वर्षं या शहरात नोकरी केली, निवृत्तही झाले, पण मी नेमकं काय करत होते हे आमच्या मानसरोवर भागातल्या इमारतीत अजून कोणाला ठाऊक नाही. शेजारच्या बाईंची समजूत अशी, की मी एक्स-रे काढते. ती अगदीच चूक नाही. एकदा त्या गुडघा घेऊन आल्या होत्या.

मी मूळची तुमसरकडची, मँगनीजच्या खाणींच्या मुलखातली. नागपूरला भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न झालं आणि नवऱ्याच्या, म्हणजे सुधाकरच्या, रेल्वेतल्या बदलीमागे जयपूरला आले. शहरातल्या झालाना भागात जंगलाच्या कडेनं कचेऱ्यांची रांग आहे. त्यातल्या एका प्रयोगशाळेत मला खनिजं ओळखण्याचं काम मिळालं. खिडकीबाहेर मोर नाचायचे, अधूनमधून बिबट्या दिसल्याची बोलवा उठायची. आत मात्र सगळा भुगा. आणलेल्या दगडाचा आम्ही आधी भुगाच करायचो. तो भुगा यंत्रात ठेवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कुठल्या कुठल्या कोनात परत फिरतात हे बघायचं. खनिजातले अणू कवायतीला उभे राहिल्यासारखे ठरावीक रांगांत असतात. रांगा बदलल्या की कोन बदलतात. त्यामुळे कागदावर उमटणाऱ्या आलेखाच्या शिखरांवरून कळतं, की हे अमुक खनिज.

गंमत अशी, की नुसतं आत काय काय आहे हे कळून भागत नाही. कॅल्साइट घ्या, अ‍ॅरागोनाइट घ्या. दोघांत तेच कॅल्शियम, तोच कार्बन, तोच ऑक्सिजन, प्रमाणसुद्धा तेच. पण रचना वेगळी, म्हणून खनिजं दोन. रचनेवरून अशी घराणी लावायची आणि आलेला दगड ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचा, हे माझं काम. माझा सारा जन्म या कार्बोनेट मंडळींत गेला.

बाहेरून येणारी गिऱ्हाइकं मात्र घराण्याची नसत, सर्टिफिकेटाची असत. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातला एक पावडरवाला दर काही महिन्यांनी पांढऱ्या भुकटीची पिशवी आणायचा. त्याला ‘कॅल्साइट’ असं लिहून हवं असायचं आणि यंत्र दर वेळी डोलोमाइट सांगायचं. शेवटी तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, मशीन को थोड़ा समझाइए ना.” दुसरा एकजण फिरोजा म्हणून निळे मणी घेऊन आला. ते निघाले रंगवलेलं मॅग्नेसाइट. मी सांगितलं तेव्हा त्यानं फार आशेनं विचारलं, “पर रंग तो असली है ना?” रंग असली होता. तेवढं मी तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही.

या गिऱ्हाइकांना मी हसत असे. पण मला सगळ्यांत अवघड गेलेलं गिऱ्हाईक आमच्याच कचेरीतलं होतं. ते म्हणजे आमचे प्रमुख, माथुरसाहेब.

उंच, किडकिडीत माणूस. आयुष्य पश्चिम राजस्थानातल्या उन्हात दगड फोडत गेलेलं. प्रमुखपदाच्या खुर्चीत ते असे बसायचे, की जणू जीप पंक्चर झाली आहे आणि चाक बदलून होईपर्यंत थांबायचं आहे. त्यांच्या टेबलावर एक तांबूस दगड असे, मुठीत मावेल एवढा. तरुणपणी बाडमेरच्या बाजूच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत त्यांना तो मिळाला होता. त्यात मेणासारखे दिसणारे तपकिरी, सहा कोनी स्फटिक होते. बहुतेक तिळाएवढे. एकच तेवढा टपोरा, तुरीच्या दाण्यासारखा, आणि कडा अशा रेखीव की बघत राहावं. येणाऱ्याजाणाऱ्याला साहेब तो दाखवायचे आणि म्हणायचे, “इसमें कुछ है.”

त्यांच्या निवृत्तीला थोडा अवकाश उरला होता तेव्हा आमच्याकडे नवं यंत्र आलं. साहेबांनी त्या दगडातले दोन-चार तीळ स्वतः सुईनं काढून मला दिले. “देखिए ज़रा, मेश्रामजी.”

मी बघितलं आणि चक्रावले. ते खनिज दुर्मिळ मूलद्रव्यांच्या कार्बोनेटांपैकी आहे हे उघड होतं. सिरियम, लँथॅनम ही नावं हल्ली मोबाइल आणि बॅटऱ्यांमुळे वर्तमानपत्रातही येतात, ती मंडळी. पण शिखरं कोणाशीच तंतोतंत जुळेनात. रासायनिक प्रमाण काढलं, तेही ओळखीच्या कुठल्याच खनिजाचं नव्हतं. मी पुन्हा भुगा केला, पुन्हा बघितलं. मग साहेबांच्या खोलीत जाऊन म्हटलं, “सर, हे आपल्या यादीत नाही.”

साहेब उभे राहिले. पुन्हा बसले. मग त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला आणि चहा आल्यावर तो प्यायचं विसरून गेले.

त्याच रविवारी त्यांनी मला आणि सुधाकरला घरी जेवायला बोलावलं. तेही मानसरोवरातच राहत, आमच्यापासून स्कूटरवर जवळच. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना भाभीजी म्हणत असू, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वाढता वाढता त्या म्हणाल्या, “मला पण कोणीतरी समजावून सांगा. हे सकाळी दाढी करताना एकटेच हसतात.”

साहेब थरांबद्दल, अणूंबद्दल बोलू लागले. भाभीजींच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मी रोट्यांचा डबा पुढे ओढला. त्यात साध्या आणि तूप लावलेल्या, अशा दोन्ही होत्या.

“भाभीजी, या गटातली सगळी खनिजं म्हणजे दोन प्रकारच्या थरांची चवड. नुसत्या साध्या रोट्या एकावर एक ठेवल्या तर ते बास्टनेसाइट. नुसत्या तुपाच्या ठेवल्या तर सिंकिसाइट. एक साधी, एक तुपाची, पुन्हा एक साधी, एक तुपाची, असं वरपर्यंत गेलं की पॅरिसाइट. एक साधी, दोन तुपाच्या, अशीही चवड आहे. तिलाही नाव मिळालेलं आहे.”

“आणि यांचा दगड?”

“एक साधी, तीन तुपाच्या, असं प्रमाण येतंय. या रचनेला अजून नाव नाही.”

“बस? इतनी सी बात?” भाभीजी डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण प्रमाणावरून क्रम कसा कळला? कोणी घाईत रोट्या वरखाली ठेवल्या असतील तर? प्रमाण तर तेच येईल.”

साहेब म्हणाले, “असं नाही होत.” आणि त्यांनी घाईघाईनं मला आणखी भाजी वाढली.

जेवणानंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. नव्या खनिजाला नाव द्यायचे जगभर मान्य असलेले नियम आहेत. एक संकेत असा, की शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नाही. साहेबांनी तो रात्रंदिवस घोळवलेला दिसत होता.

“मी शोधक राहत नाही,” ते म्हणाले. “शोधक तुम्ही. निबंधावर नाव तुमचं. आणि मग खनिजाला काय नाव द्यायचं, हे शोधक ठरवणार. मी तोंडही उघडणार नाही.”

“माथुराइट?” मी विचारलं.

साहेब लाजले. एवढा उन्हानं रापलेला माणूस लाजताना मी प्रथमच पाहिला.

“लोकांना वाटेल मथुरेला सापडलं.”

“वाटू द्या. मथुरावाले भी ख़ुश.”

परतताना सुधाकर स्कूटरवर मागे वळून म्हणाला, “वंदना, यात तुले काय भेटून राहिलं?” मी म्हटलं, शोधक म्हणून नाव. तो म्हणाला, “आन् दगड त्याच्या नावाचा? म्हणजे शेत तुह्यं, सातबारा त्याचा.” मी त्याला पुढे बघून चालवायला सांगितलं. पण खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती काळजीनं नव्हे. पदोन्नतीत मला दोनदा बाजूला सारलं होतं. दर वेळी कारण तेच, ‘मूलभूत संशोधन नाही’. जगातल्या खनिजांच्या यादीत ज्याच्या पुढे माझं नाव येईल असं काही हाती लागलं होतं. लोभ एकट्या साहेबांना नव्हता.

ही गोष्ट कचेरीबाहेर जायला नको होती. पण साहेब रोज सकाळी बागेत फिरायला जात आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्यांत एक पत्रकार होता. काही दिवसांतच स्थानिक पानावर बातमी आली, ‘जयपुर के वैज्ञानिक ने खोजा नया खनिज’. शेजारी फोटो होता झगमगत्या जांभळ्या स्फटिकांचा, कुठून तरी उचललेला. आमचा बिचारा तपकिरी तीळ त्याच्यापुढे कोण!

त्या दिवसापासून कचेरीचा फोन वाजायचा थांबेना. एका जोहऱ्यानं विचारलं, कापून पैलू पाडता येतील का. एका ज्योतिष्यानं विचारलं, हा कुठल्या ग्रहाचा. मी सांगितलं, अजून ठरायचं आहे. तो म्हणाला, ठरवताना शनीचा विचार करा, शनीला मागणी फार आहे. साहेबांच्या वसाहतीतल्या नागरिक मंडळानं त्यांचा जाहीर सत्कार ठरवला, कार्डं छापायला टाकली. साहेब वरवर म्हणत होते, “अहो, इतक्यात कशाला,” आणि कार्डावरच्या मजकुराची तपासणीही करत होते.

शेवटचा पुरावा मात्र अजून हातात नव्हता. आमच्या यंत्रातून सगळ्या भुग्याचा मिळून एक हिशेब कळतो; एकेक थर दिसत नाही. थर डोळ्यांनी बघायचे तर त्यासाठी फार ताकदीचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो दक्षिणेतल्या एका संस्थेत होता. मी एका तिळाचे तुकडे कुपीत घालून तिकडे गेले.

तिथं यंत्र चालवणारी मुलगी शांत आणि कामात तरबेज होती. अंधाऱ्या खोलीत तिनं पडद्यावर प्रतिमा आणली आणि माझ्या अंगावर काटा आला. बारीक रेघांमागून रेघा. एक फिकट, तीन गडद. एक फिकट, तीन गडद. पुन्हा, पुन्हा. काठापदराच्या साडीवर विणकरानं न चुकता धागे टाकावेत तसं. आतापर्यंत मी अणूंच्या रांगा कोनांवरून, आकड्यांवरून ओळखत आले होते. त्या दिवशी त्या समोर उभ्या राहिल्या. माझे डोळे भरून आले ते मी त्या मुलीपासून लपवले.

“सुंदर आहे, नाही?” ती इंग्रजीत म्हणाली. “थोडं बाजूला जाऊन बघू या?”

तिनं नमुना किंचित सरकवला. एक फिकट, तीन गडद. मग एक फिकट, एक गडद. मग दोन फिकट. मग गडदच गडद, सात-आठ. मग पुन्हा एक फिकट, दोन गडद. जरा आणखी बाजूला गेलो, तिथं निराळाच गोंधळ. कुठंही मेळ नाही. रोट्यांचा डबा कोणीतरी घाईत भरला होता.

तिनं विचारलं, “मॅडम, कुठला फोटो सेव्ह करू?”

एवढा साधा प्रश्न मला नोकरीत कोणी विचारला नव्हता. पहिला फोटो खोटा नव्हता. तो त्याच स्फटिकाचा होता. तेवढाच घेऊन परत गेले असते तर कोणी विचारायलाही आलं नसतं, निदान बरीच वर्षं. मी म्हटलं, “दोन्ही.”

जयपूरला परतल्यावर मी साहेबांसमोर पहिला फोटो ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोटानं रेघा मोजत राहिले. “वंदनाजी,” ते म्हणाले. एरवी ते मला आडनावानंच हाक मारत. मग मी दुसरा फोटो ठेवला.

त्यांनी तो पहिल्याच्या शेजारी सरकवला. मग म्हणाले, “ये दूसरी वाली क्यों निकाली?”

“काढली नाही सर. होती.”

“हे बघा,” ते उठून येरझाऱ्या घालू लागले. “निर्दोष स्फटिक जगात कुठं आहे? प्रत्येकात दोष असतो. लोक छापताना चांगलाच भाग छापतात. लग्नाच्या अल्बममध्ये कोणी डोळे मिटलेला फोटो लावतं का?”

“पण सर, इथं चांगला भाग थोडा आहे आणि बाकी सगळे डोळे मिटलेले आहेत.”

ते रागावले. ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही, त्या दिवशी चढवला. मला म्हणाले, तुम्हाला मोठं व्हायची भीती वाटते. ते मला लागलं, कारण भीती मला वेगळीच वाटत होती. त्यांनी आणखी थोडा आग्रह केला असता तर मी कबूल झाले असते की काय, याची.

मी म्हटलं, “एकाच तिळावरून नको. बाकीचेही बघू. एखादा तरी नीट रचलेला निघाला तर माथुराइट पक्कं.”

मग आम्ही एकेक तीळ काढत गेलो आणि तिकडे पाठवत गेलो. निकाल येत गेले. प्रमाण थोडंफार तेच, क्रमाचा पत्ता नाही. टेबलावरचा दगड खड्ड्याखड्ड्यांचा झाला. इकडे सत्काराची कार्डं वाटून झाली. शेवटी राहिला तो टपोरा, तुरीच्या दाण्यासारखा.

त्याला साहेबांनी आजवर कोणाला हातही लावू दिला नव्हता. मी म्हटलं, “सर, हा राहू दे. याचं काय निघणार हे आपल्याला माहीत आहे.”

“नाही ना माहीत,” ते म्हणाले. “तुम्हाला वाटतंय की माहीत आहे. मला वाटतंय की माहीत नाही. दोघांच्याही वाटण्याला काही अर्थ नाही.” त्यांनी ड्रॉवरमधून आपली जुनी छोटी हातोडी आणि छिन्नी काढली. “कोपरा निघाला तरी पुरेल ना?”

पुरणार होता. साहेबांचा हात आयुष्यभर दगडांवर चाललेला. त्यांनी छिन्नी अगदी कडेला टेकवली, अलगद ठोका दिला. स्फटिक मधोमध फुटला, मग त्याचे आणखी तुकडे झाले. रेखीव कडा गेल्या. टेबलाच्या काचेवर तपकिरी कच पडली. साहेबांनी ती पोस्टकार्डाच्या कडेनं गोळा केली, कुपीत भरली आणि कुपी माझ्या हातात देऊन म्हणाले, “भेज दीजिए.” मग ते खिडकीशी जाऊन जंगलाकडे बघत उभे राहिले.

त्याचाही निकाल तोच आला.

साहेबांनी तो वाचला आणि त्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, सत्कार रद्द करा. अध्यक्ष म्हणाले, मंडप ठरला, माजी नगरसेवक येणार आहेत, पुरी-भाजीचा आचारी सांगितला आहे, आता कसं रद्द करणार? साहेब म्हणाले, पण खनिज नवं नाही. अध्यक्ष म्हणाले, नसू द्या साहेब, आमच्यासाठी नवंच आहे. भाभीजी एवढंच म्हणाल्या, “जायचं आणि खरं ते सांगायचं. साफा बांधतील तो बांधून घ्यायचा.”

तशी ती संध्याकाळ आली. थंडीचे दिवस. मागे मोठा फलक, त्यावर तोच जांभळा झगमगता स्फटिक आणि साहेबांचा तरुणपणीचा फोटो. साहेबांना केशरी साफा बांधला, शाल पांघरली. मीही दुसऱ्या रांगेत बसले होते, सुधाकर शेजारी. माजी नगरसेवकांनी भाषणात सांगितलं, की आता परदेशांना जयपूरची दखल घ्यावी लागेल. मग साहेब उठले.

“भाइयो और बहनो,” ते म्हणाले, “मैंने कोई नया खनिज नहीं खोजा है.”

टाळ्या.

साहेब थांबले. “मी खरं सांगतो आहे. हा दगड म्हणजे आधीच माहीत असलेल्या थरांची सरमिसळ आहे. बातमी आली ती माझ्या घाईमुळे.”

आणखी जोरात टाळ्या. मागून कोणीतरी “वाह!” म्हणालं.

“जो काही शोध आहे तो एवढाच, की मी चुकलो होतो.”

आता लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, “इसे कहते हैं विनम्रता.” साहेबांनी हात वर करून शांत राहायची विनंती केली, ती लोकांनी अभिवादन समजून स्वीकारली. शेवटी त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “मेश्राम मॅडम इथं आहेत. ज्यांनी तपासलं त्या ह्या. आप बताइए इनको.”

माझ्या हातात माइक आला. माझी हिंदी अजूनही नागपूरची. मी म्हटलं, “साहब एकदम सही बोल रहे हैं. उनको सच में कुछ नहीं मिला.”

मंडपात जो हशा आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा माझ्या वाट्याला आधी आला नव्हता, पुढेही आला नाही. माझ्याही गळ्यात हार पडला. बाहेर पडताना सुधाकर म्हणाला, “तुमी दोघंबी खरं बोलले, आन् लोकाईनं खोटं ऐकलं.” दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, ‘बोले- मैंने कुछ नहीं खोजा: सादगी की मिसाल’. साहेबांनी संपादकाला खुलासा धाडला. तो छापून आला नाही. सादगीचा आणखी खुलासा काय छापायचा, असं त्यांना वाटलं असावं.

आम्ही दोघांनी मिळून एक छोटा निबंध मात्र लिहिला. बाडमेरकडच्या एका कार्बोनेटात थर कसे अनियमित रचलेले आहेत, यावर. दोन्ही फोटो छापले, शेजारी शेजारी. तो कोणी वाचला असेल तर मला कळलेलं नाही. पदोन्नतीच्या समितीनं वाचला नाही, एवढं नक्की कळलं. कधी कधी वाटतं, त्या रेघा शेवटपर्यंत तशाच गेल्या असत्या तर! ज्या दिवशी पडद्यावर ती पहिली प्रतिमा पाहिली, त्या दिवसाचं सुख मला नंतर कुठल्याच कामात मिळालं नाही, हेही खरंच आहे.

आपल्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या खोलीत आले. उरलेला दगड आमच्या संग्रहात जमा करायचा होता आणि डबीवर नाव लिहायचं होतं. सरमिसळ असली तरी डबीवर नाव एकच लिहायची पद्धत, जे खनिज जास्त त्याचं. तुपाचे थर जास्त होते. मी लिहिलं, सिंकिसाइट.

“हे नाव कशावरून आलं?” साहेबांनी विचारलं. “मी कितीदा लिहिलं असेल, पण अर्थ कधी बघितला नाही.”

मला माहीत होतं. “ग्रीक शब्द आहे सर. अर्थ, गोंधळ, गफलत. आधी लोक याला पॅरिसाइटच समजत होते. वेगळं आहे हे मागाहून कळलं, म्हणून शोधणाऱ्यानं नावच तसं ठेवलं.”

साहेब डबीकडे बघत राहिले. मग हसू लागले. त्या सगळ्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता खुर्चीत बसले, डोळे पुसले.

“उनकी ग़लती को नाम मिल गया,” ते म्हणाले, “और मेरी को शॉल.”

ती शाल त्यांच्या हातात होतीच. सत्कारानंतर घरी ती कोणी वापरत नव्हतं, भाभीजींना तिचा रंग आवडला नव्हता. आमच्या यंत्राच्या खोलीत एसी एवढा गार ठेवावा लागायचा, की तासभर बसलं तरी बोटं आखडायची. साहेबांनी शाल माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि म्हणाले, “इथं कामाला येईल.” आली. मी निवृत्त होईपर्यंत तीच पांघरून बसत होते. आता माझ्या जागी जी मुलगी आली आहे, ती पांघरते.